चोवीस रिंगणं

चोविसावं रिंगणही कोरं निघालं, तेव्हा मी हातातली वही दगडावर आपटली.

"म्याडम, पानी प्या," वनरक्षक सुतार म्हणाले.

"मला पाणी नको आहे, सुतार. मला लेंड्या हव्या आहेत."

दोन पदव्या घेतलेल्या एकोणतीस वर्षांच्या बाईनं भर उन्हात डोंगरमाथ्यावरच्या सपाट सड्यावर उभं राहून हे वाक्य म्हणावं, याचं सुतारांना काही वाटलं नाही. तीन वर्षं ते माझ्याबरोबर डोंगर तुडवत होते. सांबराच्या लेंड्यांवरून मी चिडते, रडकुंडीला येते आणि क्वचित खूशही होते, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. त्यांनी बाटली पिशवीत ठेवली, टोपी काढून घाम पुसला आणि सावली शोधून बसले.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. तेव्हा मी सह्याद्रीतल्या सांबरांचा नकाशा करत होते. सांबर आज कुठे आहे याचा नव्हे, तर ते कुठे नीट जगू शकेल याचा. डोंगराचा चढ किती, पाणी किती लांब, झाडोरा किती दाट, माणसांची घरं किती अंतरावर, असे जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला गुण द्यायचे आणि त्यावरून रंग भरायचा. पांढरा म्हणजे जनावराच्या कामाचा नाही. फिका हिरवा म्हणजे जेमतेम. गडद हिरवा म्हणजे इथे सांबर राहील, वाढेल, आणि सांबर राहिलं तर त्याच्यामागे वाघही. गुण संगणक द्यायचा. पण पुण्यात बसून संगणक काय वाटेल ते सांगू शकतो, म्हणून शेवटचा कौल लेंड्यांचा. महिनाभरात एका डोंगरावर खुंट्या ठोकून आखलेल्या चोवीस रिंगणांत मिळून लेंड्यांचे चाळीस पुंजके पडले, तर तो डोंगर गडद. त्याच्या आत, तर फिका. एकही नाही, तर पांढरा. ही रेघ आमच्या सरांनी आखली होती.

गडद ठरलेला डोंगर अभयारण्यात जाणार होता. आम्ही उभे होतो त्या आडव्या सड्यापुरतं बोलायचं तर चराई बंद होणार, आणि सड्याच्या टोकाला मरगळे धनगरांची नऊ घरं होती ती उठून खाली कालव्याकडच्या जमिनीवर जाणार. हे मी कोणापासून लपवलं नव्हतं. महिन्यापूर्वी, पहिल्याच दिवशी, त्यांच्या वाड्यावर नकाशा पसरून मी सगळ्यांना रंग समजावून सांगितले होते आणि आपण किती सरळ वागतो याचा मला अभिमानही वाटला होता. आणखी एक सांगून टाकते. तो डोंगर गडद व्हावा अशी माझी मनापासून इच्छा होती. सांबराला आसरा किती थोडा उरलाय हे मी रोज बघत होते. नऊ घरांना खाली शाळा मिळेल, दवाखाना मिळेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

आणि आता हातात काय, तर चोवीस भोपळे.

"हे शक्यच नाही," मी म्हटलं. "परवा संध्याकाळी आपण दोघांनी सांबराचा आवाज ऐकला. तळ्याकाठी चिखलात लोळल्याच्या खुणा आहेत. खूर तर पावलापावलाला दिसतायत. मग ही जनावरं महिनाभर उपास धरून बसली होती का?"

सुतार एव्हाना सावलीतून उठून आले होते. ते रिंगणाच्या कडेला उकिडवे बसले होते. हे शेवटचं रिंगण तळ्याच्या आटलेल्या काठावर होतं. बाकी रिंगणं गवतात, झाडाखाली. इथे मात्र उघडी माती.

"म्याडम, रागावनार नसला तर एक बोलू?"

"मी कशाला रागावू?"

यावर त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं. "हितं कुनीतरी झाडलंया."

मी वाकून पाहिलं. मातीवर बारीक, गोलाकार रेघा होत्या, सकाळी अंगणात असतात तशा. खराट्याच्या. खुंटीपासून खुंटीपर्यंत, कुठेही जागा न सोडता, नेटकेपणानं. मी पळतच मागच्या रिंगणावर गेले. तिथे रेघा उमटायला माती नव्हती, पण खुंट्यांच्या बाहेर पाचोळा घोट्याएवढा आणि आत एक पान नाही. मघाशी मी ते पाहिलं होतं आणि वाऱ्याच्या नावावर घातलं होतं. त्याच्या मागचं रिंगण तसंच. त्याच्याही मागचं तसंच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. झाडणारं माणूस कोण, हे मला कोणाला विचारावं लागलं नाही.

ठकूबाई मरगळे ही पन्नाशीची विधवा बाई. वाड्याचे कारभारी धाकलू मरगळे, त्यांची भावजय. रिंगणांची राखण करायला मी तिला महिनाभर रोजावर ठेवलं होतं. या कामाची रीत अशी की आधी रिंगणातल्या जुन्या लेंड्या पार झाडून काढायच्या, मग महिन्यानं येऊन नव्या पडलेल्या मोजायच्या. दोन दिवस मी आणि ती, दोघींनी मिळून चोवीस रिंगणं झाडली होती. तिचा हात माझ्या दुप्पट चाले आणि तोंडही.

"बाई, जनावार किती हायती त्ये हागल्यालं मोजून कळतं?"

"कळतं."

"आन जनावार बघून न्हाई कळत?"

"ते दिसत नाही ना, ठकूबाई."

"मला दिसतंय की."

"तुम्हाला दिसतं ते मला लिहिता येत नाही," मी म्हटलं होतं, आणि आपण फार मार्मिक बोललो असं वाटून स्वतःशी हसलेही होते.

तर आता मी त्या ठकूबाईकडे निघाले. सुतार मागून "म्याडम, जरा दमानं," म्हणत येत होते. दमानं घ्यायला माझ्याकडे वेळ नव्हता. आठ दिवसांनी नकाशा द्यायचा होता. पुन्हा महिना मोजायचा तर मार्च संपणार, एप्रिलात वणवे, मग पाऊस. सरांनी फोनवर आधीच सांगितलं होतं, लेंडी नाही तर डोंगर पांढरा, उगाच भावनेच्या भरात काही लिहू नकोस. तीन वर्षांचं काम एका खराट्यानं साफ केलं होतं.

ठकूबाई घराच्या कुडाला शेण लिंपत होती. मला बघून हसली.

"मोजून झालं?"

"रिंगणं कोणी झाडली?"

"म्या."

तिनं अगदी सहज सांगितलं.

"कधी?"

"एक दिस अर्धी, एक दिस अर्धी. सकाळची म्हशी सोडल्या की."

"महिनाभर?"

"व्हय. तुमीच म्हनला हुता की. म्हशीचं शान पडू दिऊ नगा, पाला पडू दिऊ नगा, रिंगनं साफ ऱ्हायली पायजेत."

मी तसं म्हणाले होते. जीपमध्ये एक पाय ठेवून म्हणाले होते. 'सांबराच्या लेंड्यांना मात्र हात लावू नका' हे पुढचं वाक्य मी बोलले नव्हते, कारण ते मला इतकं उघड वाटलं होतं की कोणाला सांगायची गरज नाही. आज मला हे कळतं. तेव्हाही ते आतल्या आत कळलं असावं, कारण मी आणखीच भडकले. चूक आपली असली की माणसाचा आवाज चढतो.

"ठकूबाई, आपण लेंड्या मोजणार आहोत हे तुम्हाला माहीत होतं. मी दोन दिवस घसा कोरडा करून सांगत होते. आणि तुम्ही रोज जाऊन लेंड्याच काढून टाकल्या?"

तिचा हात कुडावर थांबला. तेवढ्यात आवाज ऐकून धाकलू मरगळे आले. साठीचा, उंच, कमी बोलणारा माणूस. मागोमाग इतर घरांतल्या बाया दारांत येऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं, म्याडम?"

मी सांगितलं. ऐकताना त्यांचा चेहरा हलला नाही, पण शेवटी त्यांनी मोठा श्वास सोडला. ते पाहून माझं डोकं आणखी फिरलं.

"येडी हाय ती, म्याडम," धाकलू शांतपणे म्हणाले. "तिला काय उमगतंय तुमच्या कामातलं? साफ ऱ्हायलं पायजे म्हनला, तिनं साफ केलं. आता ह्या साली न्हाई तर न्हाई. कोरं हाय तर कोरं लिवा."

म्हणजे डोंगर पांढरा. नऊ घरं जागच्या जागी. कोणाचा काही दोष नाही, एका येड्या बाईनं डोंगर झाडला, एवढंच. मला सगळं लख्ख दिसलं, किंवा दिसलं असं वाटलं.

"येड्या नाहीत त्या," मी म्हटलं. "चांगल्या शहाण्या आहेत. लबाड आहेत. तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत आणि यांनी काम घेतल्याचं सोंग केलं. मी विश्वासानं चोवीस रिंगणं यांच्या हवाली केली आणि यांनी खाल्ल्या घरचे वासे मोजले. सरळ सांगायचं होतं, बाई, मला हे काम नको. मी दुसरं कोणी बघितलं असतं. ही लबाडी कशाला?"

सुतारांनी मान खाली घातली. दारातल्या बायांपैकी एक आत निघून गेली.

ठकूबाईनं बादलीत हात बुडवले आणि धुतले. सावकाश, एकेक बोट चोळून. मग लुगड्याला हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"चल," ती म्हणाली. एवढे दिवस ती मला अहो-जाहो करायची.

"वैनी," धाकलू म्हणाले.

ती थांबली.

"वैनी, घरात जा. ह्ये आपल्या नऊ घरांचं हाय."

"ती मला लबाड म्हनली, भावजी. समद्यांम्होरं."

"म्हनू दे. आज हाय, उद्या जाईल ती."

"ती जाईल. म्या कुटं जाऊ?" ठकूबाई म्हणाली आणि घराच्या मागे चालू लागली.

घराच्या मागे कातळाची एक कपार होती. पावसाळ्यात शेळ्या बांधायची जागा. आत कमरेएवढ्या उंचीवर दगडाचा लांब कट्टा होता आणि त्या कट्ट्यावर हिरव्या-तपकिरी पुड्या मांडून ठेवल्या होत्या. चांदाड्याच्या झाडाच्या मोठ्या पानांच्या, वाखाच्या दोऱ्यानं बांधलेल्या. ओळीनं लावलेल्या, प्रत्येक ओळीच्या डोक्याशी एक दगड. मी दगड मोजले. चोवीस होते.

"ह्ये उंबराखालचं," पहिल्या दगडावर हात ठेवून ठकूबाई म्हणाली. "ह्ये पायवाटंचं. ह्ये म्हशीनं उडी घेतली हुती तितलं. ह्यात काय गावलं न्हाई, नुसता धोंडा ठिवलाय. एका जनावराचं एका पानात. दोन जनावरांचं एकात केलं न्हाई." मग कट्ट्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या ढिगाकडे बोट दाखवलं. "आन त्ये भेकराचं. न्यारं काढलंय. तू सांबर म्हनली हुतीस."

मी पहिली पुडी सोडली. आत वाळलेल्या, टपोऱ्या लेंड्या होत्या, एका वेळी एका सांबरानं टाकलेल्या, एकही इकडेतिकडे न झालेल्या. दुसरी सोडली. तीही तशीच. तीन वर्षांत माझ्या हाताखाली शिकलेली मुलंमुली येऊन गेली. इतकं चोख काम एकानंही केलं नव्हतं.

मला कुठे बघावं ते कळेना. मी वही उघडली.

"मोज," ठकूबाई म्हणाली. "समदं मोज. मंग म्हन कुनाला काय म्हनायचं त्ये."

आम्ही मोजायला बसलो. ती पुडी देई, मी सोडून बघे, सुतार बाजूला ठेवत. धाकलू कपारीच्या तोंडाशी हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी माझ्या हातून वही हिसकावून घेतली असती तर मला बरं वाटलं असतं.

पहिल्या सहा ओळींतच सव्वीस पुंजके निघाले. मी चमकले. ही सहा रिंगणं वाड्याच्या अगदी हाकेच्या अंतरावर होती. मी ती केवळ नियम म्हणून आखली होती, तिथे काही पडेल अशी मला आशाच नव्हती. घरं लांब तितकं जनावराला बरं, हे तर आम्ही नकाशातच घालून ठेवलं होतं. घराजवळच्या जमिनीला सगळ्यात कमी गुण.

"घराजवळ इतकं कसं?" मी विचारलं.

"सांजचं येत्यात की. कोळसुंदी मागं लागली का हिकडं पळत येत्यात. कोळसुंदी रानकुत्री, पन मान्साला भित्यात. मागच्या साली एक पाडस ह्या कुडाला टेकून ऱ्हायलं हुतं दोन दिस. आन तळ्याचा गाळ आमी दर साली काढतो, पानी ऱ्हातं मे म्हैन्यापत्तुर. म्हशी चरत्यात तितं कवळं गवात फुटतं. मंग जनावार कुटं जाईल दुसरीकडं?"

छापील तक्त्यात शेवटचा रकाना 'शेरा' असा होता. मी आजवर त्यात 'ताज्या' किंवा 'जुन्या' असं लिहीत आले होते. या सहा ओळींपुढे मी काय लिहायचं याचा थोडा विचार केला आणि आडवी रेघ मारली.

चाळिसावी पुडी सतराव्या ओळीत सुटली. ती सुटली तेव्हा माझ्याखेरीज कोणाला ते कळलं असेल असं मला वाटलं नाही. राग कधीच उतरला होता. आता डोंगर गडद झाला होता, आणि नऊ घरं जाणार होती.

"ठकूबाई," मी हळू आवाजात म्हटलं, "ह्या तुम्ही टाकून का नाही दिल्या?"

"भावजी म्हनलं हुतं, घळीत टाक. न्हेत हुते की रोज घळीपत्तुर. हात हुईना."

"आज तुम्ही गप्प बसला असतात तर?"

"बसनारच हुते," ती म्हणाली. "येडी म्हनलं तवर बसले हुते."

मी पुढची पुडी सोडली. चोविसावी ओळ संपली. बेरीज केली. एकोणपन्नास. दोनदा केली, दोन्ही वेळा तीच. मग मी अंतिम तक्ता काढला, ज्यावर माझी आणि वनरक्षकाची सही होते आणि जो पुढे पुण्याला जातो. मी कपारीबाहेर बघितलं. अर्धा लिंपलेला कुड इथूनही दिसत होता.

एकूण पुंजके, या शब्दांपुढे मी एकतीस लिहिलं.

फिका हिरवा. डोंगर पांढराही ठरत नव्हता, सांबरांना अगदीच नाकारत नव्हता, आणि घरंही राहत होती. तीन वर्षांत मी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. हा लिहिताना उलट बरंच वाटलं. मी तक्ता सुतारांपुढे सरकवला. त्यांनी आकडा वाचला, माझ्याकडे बघितलं, धाकलूंकडे बघितलं, आणि खिशातून पेन काढलं. भला माणूस होता.

"किती झालं?" ठकूबाईनं विचारलं.

"एकतीस."

तिनं ओच्यातून मूठभर खडे काढून कट्ट्यावर ठेवले. आम्ही मोजत होतो तेव्हा ती दर पुडीला एक खडा ओच्यात टाकत होती, हे मी बघितलंच नव्हतं. आता तिनं ते विसाविसानं वेगळे केले.

"दोन इसा आन नऊ," ती म्हणाली.

"त्यातल्या काही जुन्या होत्या."

"जुन्या कशा? जुन्या आपुन दोघींनी झाडल्या हुत्या न्हवं?"

"काही म्हशींच्या शेणाच्या होत्या, ठकूबाई."

ती माझ्याकडे बघतच राहिली. तेवढ्यातही सुतारांनी हसू दाबायला खोकल्यासारखं केलं.

"म्या," ती म्हणाली, "म्हशीचं शान वळखत न्हाई?"

"अहो, समजून घ्या ना जरा," मी म्हटलं. माझा आवाज पुन्हा चढायला लागला होता. "मी तुमच्यासाठी करते आहे. चाळीसच्या वर गेलं तर घर जाईल तुमचं. नऊच्या नऊ जातील. मी सांगितलं होतं ना नकाशावर?"

"सांगितलं हुतं. ध्यानात हाय."

"मग?"

"मंग काय? हायती त्यास्नी न्हाई कसं म्हनायचं? रोज बघते म्या त्यास्नी. त्यास्नी नसल्यालं करून म्या हितं ऱ्हाऊ? आन उद्या तूच म्हनशील चार मान्सांत, ठकीनं अठरा पुड्या घळीत टाकल्या म्हनून एकतीस भरल्या."

"मी असं कधीही म्हणणार नाही."

"आज म्हनलीसच की."

मला त्या बाईचा इतका संताप आला, की तिला गदागदा हलवावं असं वाटलं. सकाळी ती माझं काम बुडवते म्हणून मी चिडले होते आणि आता ती माझ्याकडून ते नीट करवून घेते म्हणून चिडले. मी धाकलूंकडे पाहिलं, निदान ते तरी तिला दटावतील म्हणून. पण ते कपारीच्या तोंडाशी नव्हते. कुडाजवळ जाऊन राहिलेलं शेण लिंपायला लागले होते.

मी एकतीस खोडलं. वर एकोणपन्नास लिहिलं, खाडाखोडीपाशी सही केली. सुतारांनी सही केली. राखणदार म्हणून ठकूबाईचा अंगठा हवा होता, तो तिनं दिला.

आठ दिवसांनी मी नकाशा दिला. आडवा सडा गडद हिरवा होता. घराजवळच्या सहा रिंगणांबद्दल मी सरांना तोंडी सांगितलं होतं. ते म्हणाले, एका महिन्याच्या आकड्यांवरून नियम बदलत नाहीत, आणि शेऱ्यात तर तू काहीच लिहिलेलं नाहीस. ते खरंच होतं. दीड वर्षानं नऊ घरं खाली गेली.

आणखी पाच वर्षांनी त्याच सड्यावर फेरमोजणी निघाली आणि मी ती मुद्दाम मागून घेतली. त्याच जागी चोवीस रिंगणं आखली. झाडायला कोणी नव्हतं, एकटीनं झाडली. वाड्याच्या जोत्यांवर कारवी माजली होती. तळं गाळानं भरून फेब्रुवारीतच कोरडं पडलं होतं. कवळ्या गवताच्या जागी छातीएवढं राठ गवत होतं आणि त्यातून कोळसुंदीची वाट गेली होती. महिन्यानं मोजायला गेले. मिळाले चार पुंजके.

ते घेऊन मी पुण्याला जायचं सोडून कालव्याकडच्या वसाहतीत गेले. पत्र्याच्या एकसारख्या खोल्यांची रांग होती. ठकूबाई दारात बसून तांदूळ निवडत होती. तिनं मला ओळखलं, बस म्हणाली, चहा टाकायला उठली. मी तिला हात धरून बसवलं. येताना वाटेत मी पुष्कळ जुळवाजुळव केली होती, पण तिथे पोचल्यावर त्यातलं एकही वाक्य मला उच्चारता येईना.

"मोजलंस व्हय?" तिनंच विचारलं.

"हो."

"किती?"

"चार."

"चार इसा?"

"नाही, ठकूबाई. चार."

तिचे हात सुपात थांबले. मी वाट बघत होते, तिनं मला चार शब्द सुनवावेत. मी त्यासाठीच आले होते.

"कंच्या कंच्या रिंगनात?" तिनं विचारलं.

"चारही एकाच. तुमच्या घराजवळच्या. उंबराखालच्या."

ठकूबाईनं मान हलवली. त्या लेंड्या कोणत्या सांबरीच्या, हे तिला कळलं होतं.

"कान फाटल्याली म्हातारी हाय ती," ती म्हणाली. "आमच्या दारात व्याली हुती. ती न्हाई जायाची कुटं." मग सूप तसंच मांडीवर ठेवून ती डोंगराकडे बघत राहिली. इथून सडा दिसत नव्हता, मधे दुसरा डोंगर होता.

"मंग एकलीच हाय ती, बाई."